मदत हवी आहे: ब्रीदरमधून धूर आणि तेल, टर्बो बदलला तरी गळती तशीच

घाटवाला_निफाड
गाडी दहाचाकी आहे. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनात कोंडलेली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून पांढुरका धूर येतो आणि तेल टपकतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातूनही तेल खाली येतंय, चढाला क्लच घसरल्यासारखा वाटतो. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या होजमध्ये (रबरी नळीत) बोट घातलं की बोट काळं. मिस्त्री म्हणतो इंजिन बॅक मारतंय, म्हणजे जळालेला वायू पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतोय, खोलायला लागेल. दुसरा म्हणतो नुसती नळी बदला. सोमवारी वाशीला कांदा पोचवायचाय. नक्की काय करू? लवकर सांगा.

पाना_१७
गाडी कोणती, मॉडेल कधीचं, बीएस (धुराचा सरकारी निकष) किती, चालली किती? यातलं काहीच लिहिलं नाही तर आम्ही काय कुंडली मांडायची?

बीएससहा_बाळू
ब्रीदरचा फिल्टर बदला. वाफेतलं तेल वेगळं करणाऱ्या ऑइल सेपरेटरच्या डब्यात असतो. तो चोंदला की चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भागात, प्रेशर वाढतं आणि मिळेल त्या सीलमधून तेल बाहेर येतं. माझ्या गाडीला हेच झालं होतं. फिल्टर टाकला, विषय संपला.

घाटवाला_निफाड
कंपनीचं नाव टाकत नाही, नाहीतर तुझी भारी का माझी यातच पाच पानं जातील. सहा सिलेंडर, टर्बो इंटरकूलर, २०१४ चं मॉडेल, बीएस-३. साडेसहा लाख किलोमीटर. टर्बो नवीनच आहे, त्यामुळे तो विषय काढू नका.

पाना_१७
बाळू, बीएस-३ ला कुठला आलाय सेपरेटर? टॅपेट कव्हरवरून नळी निघते आणि सरळ खाली रस्त्याकडे तोंड करून लोंबते. तुमच्या २०२० नंतरच्या गाड्यांना ती वाफ परत टर्बोच्या तोंडात सोडायची असते, म्हणून फिल्टर.

घाटवाला, टर्बो कधी बदलला आणि का?

घाटवाला_निफाड
दिवाळीनंतर. होजमध्ये तेल येत होतं म्हणून. टर्बोचा विषय नको म्हटलं ना.

पाना_१७
आणि आता परत होजमध्ये तेल. म्हणजे बिचाऱ्या जुन्या टर्बोचा काही दोष नव्हता.

शेठ_ट्रान्सपोर्ट
लाइनर-पिस्टन किट टाकून मोकळे व्हा. साडेसहा लाख झाले म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजल्याच. आमच्याकडे सगळ्या गाड्यांना सहा लाखांनंतर आम्ही विचारतच नाही. आज वाचवायला जाल, उद्या कसारा घाटात उभे राहाल.

मोबिलऑइलवाला_नाना
इंजिन खोलायची घाई करू नका. १५डब्ल्यू-४० तेल काढा आणि त्याहून जाड २०डब्ल्यू-५० टाका, जोडीला घट्ट करणारं अॅडिटिव्ह. गळती अर्धी होते. स्वतः केलंय.

पाना_१७
नाना, चेंबरमध्ये हवा कोंडलीय. तेल जाड केल्याने ती हवा कुठे जाणार आहे?

मोबिलऑइलवाला_नाना
तुम्ही पुस्तकं वाचा. माझी गाडी दोन वर्षं त्यावर चालली.

पाना_१७
आणि दोन वर्षांनी?

मोबिलऑइलवाला_नाना
विकली.

वर्कशॉपकाका
जरा थांबा सगळे. एसटीच्या वर्कशॉपात माझं आयुष्य गेलं, एअर ब्रेकच्या गाड्यांवरच हात काळे केलेत.

आधी टर्बोचं समजून घ्या. टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं. बारीक पिस्टन रिंगसारखी कडी असते. ती तेल अडवते ती मुख्यतः दोन्ही बाजूंच्या हवेच्या दाबावर. बेअरिंगमधून निघालेलं तेल चेंबरमध्ये परत येतं ते फक्त उतारावर, आपल्या वजनानं. त्या नळीत पंप नाही. चेंबरमध्ये दाब असला तर ते तेल खाली उतरतच नाही, आणि मोरी तुंबल्यावर पाणी जसं न्हाणीत उलटं येतं तसं ते इंटरकूलरच्या बाजूला निघतं. टर्बो शंभर वेळा बदला, होज ओलाच राहणार.

आता दाब येतो कुठून? रिंगा हे एक कारण. पण एकच नाही. मला चार गोष्टी हव्यात. सकाळी इंजिन कसं चालू होतं? डिपस्टिकवर तेल कुठपर्यंत ठेवता? एअर फिल्टर कधी बदललात? आणि ब्रेकच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडला की काय निघतं?

घाटवाला_निफाड
काका, अर्ध्या सेल्फला चालू होतं. पिकअप उत्तम. काळा-निळा धूर नाही. तेल मॅक्सच्या थोडं वर ठेवतो, लांबची गाडी आहे. फिल्टर साफ केला होता हवा मारून. टाकीतून पाण्याबरोबर तेल निघतं, चहासारखं. पण ते जुनं दुखणं आहे, त्याचा इथे काय संबंध?

वर्कशॉपकाका
सगळा संबंध तिथेच आहे असं मला वाटतंय.

सहाच्या सहा सिलेंडरच्या रिंगा गेल्या असत्या तर गाडी थंडीत अर्ध्या सेल्फला उठली नसती. ब्रेकच्या टाकीत हवा भरणाऱ्या तुमच्या कंप्रेसरला इंजिनचंच तेल मिळतं आणि ते परत इंजिनच्याच चेंबरमध्ये येतं. त्याच्या रिंगा झिजल्या की तेल वर टाकीत जातं आणि दाबलेली हवा खाली इंजिनमध्ये घुसते. ब्रीदर मग किती ओढणार?

तपासायला पैसा लागत नाही. गाडी गरम करा, ब्रेक मारून टाकीतली हवा उतरवा. मग एका माणसाला ब्रीदरपाशी बसवा आणि इंजिन जरा चढं ठेवून टाकी भरू द्या. काटा सात-आठ किलोवर गेला की अनलोडर व्हॉल्व्ह फुस्स करतो आणि कंप्रेसरवरचा भार उतरतो. त्या क्षणी ब्रीदरकडे बघायचं. फुस्स झाल्याबरोबर धूर एकदम मंदावला तर कंप्रेसर. काहीच फरक नाही तर शेठ म्हणतात ते खरं असू शकतं.

आणि डिपस्टिक मॅक्सच्या वर अजिबात नको. क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, त्या तेलात थडाथडा आपटतो, फेस होतो आणि तो फेस ब्रीदरमधून बाहेर येतो.

गवंडीपण_करतो
मोजायचं असेल तर गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी घ्या. इंग्रजी यू सारखी बांधा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक डिपस्टिकच्या भोकात घट्ट बसवा. पाणी किती सेंटिमीटर सरकतं ते पट्टीनं बघा. एक बार म्हणजे जवळजवळ दहा मीटर पाणी, त्यामुळे साधा प्रेशर गेज इथे हलणारसुद्धा नाही. मर्यादा किती ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, प्रत्येक इंजिनचं वेगळं.

शेठ_ट्रान्सपोर्ट
कंप्रेसरच्या हवेनं गिअरबॉक्सच्या सांध्यातलं क्रँक सील जातं हे मी पहिल्यांदा ऐकतोय. तीस गाड्या आहेत माझ्याकडे.

वर्कशॉपकाका
शेठ, तीस गाड्यांची इंजिनं खोललीत म्हणून ऐकलं नसेल. इंजिन उतरवलं की सोबत कंप्रेसरही किट होतो आणि श्रेय लाइनरला जातं.

ब्रॅम्प्टनचा_पाटील
इकडे कॅनडात थंडीत वेगळीच गंमत. ब्रीदरच्या वाफेत पाणी असतं, ते नळीच्या तोंडाशी गोठतं. नळी बर्फानं बंद झाली की दाब कोंडतो आणि सील उडून बाहेर. पहिल्या हिवाळ्यात रस्ताभर तेल सांडत आलो होतो. आता नळीला गरम आच्छादन घालतो.

पाना_१७
पाटील, निफाडला थंडी पडते, पण इतकी नाही हो.

हळूबंदकरा
टर्बो गाडी घाट चढून आली की लगेच किल्ली फिरवू नका. दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, नाहीतर बेअरिंगमधलं तेल जळून कोळसा होतो. कुणी ऐकतच नाही.

मोबिलऑइलवाला_नाना
दोन-तीन मिनिटं आयडल म्हणजे डिझेल जाळणं. टोलनाक्याच्या रांगेत आपोआप थंड होतो.

हळूबंदकरा
फास्टॅग आल्यापासून कुठे आहे रांग?

पाना_१७
तुम्ही दोघं चहा घेऊन या. घाटवाला, सोमवारच्या आधी एक काम नक्की करा. इंटरकूलर आणि होज काढून तेल उपसून टाका. तळाशी बरंच साठलं आणि चढावर ते एकदम ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्याच तेलावर पळत सुटतं, किल्ली काढली तरी बंद होत नाही. तेव्हा डिझेल तोडून उपयोग नाही, हवा तोडायला लागते. फळी, ताडपत्रीची घडी, जे असेल ते हवेच्या तोंडावर घट्ट दाबायचं. हात लावायचा नाही, खेचून घेतं.

घाटवाला_निफाड
काकांनी सांगितलं तसं केलं. पोरगा ब्रीदरपाशी बसवला. टाकी भरेपर्यंत धूर भकाभका, फुस्स झालं आणि निम्म्याहून कमी. परत ब्रेक मारले, परत तेच. मिस्त्रीला दाखवलं, तो म्हणतो योगायोग.

वर्कशॉपकाका
दोनदा झालेला योगायोग. कंप्रेसरचं किट टाका, त्याचं सिलेंडर ओरखडलेलं असेल तर सिलेंडरही. आणि टर्बोची तेल उतरायची नळी काढून बघा. नवीन बसवताना फ्लँजला सिलिकॉन फासलं असेल तर ते आत फुगून भोक अर्धं बुजवतं. तिथे कोरडं गॅसकेट, बास.

घाटवाला_निफाड
सिलिकॉन निघालं. जवळपास करंगळीएवढा गोळा. कंप्रेसरही झाला, टाकीतून आता नुसतं पाणी. ब्रीदरचा धूर कमी झाला, होज पुसून ठेवलाय, अजून कोरडा आहे. पण गिअरबॉक्सच्या सांध्यातून अजून गळतंय. मग उपयोग काय झाला?

पाना_१७
दाबानं एकदा ओठ उलटलेलं क्रँक सील परत आपणहून बसत नाही. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. क्लच घसरतो म्हणालात, म्हणजे प्लेटला तेल लागलंय, तीही त्याच वेळी बघा. पण दाब उतरवल्यावर टाकलेलं सील टिकेल. आधी टाकलं असतं तर पुन्हा खाली झोपावं लागलं असतं.

शेठ_ट्रान्सपोर्ट
मी म्हणतो गिअरबॉक्स उतरतोच आहे तर इंजिनही खोला.

घाटवाला_निफाड
शेठ, नको. सोमवारी वाशी, परत येताना जेएनपीटीहून खत. आल्यावर गिअरबॉक्स. वाटेत क्लच धरेल का तेवढं सांगा.

वर्कशॉपकाका
जाताना उतार आहे, जाईल. परतीला कसारा चढताना भरलेल्या गाडीनं दगा दिला तर मागची रांग तुम्हाला शिव्या घालेल. खताचं भाडं सोडा, रिकामे या.

पिकअप_मालक_मंचर
माझ्या पिकअपलापण ब्रीदरमधून तेल येतं. काय करू?

पाना_१७
मॉडेल? बीएस? किलोमीटर?