बी विंगची गळती: पुन्हा फोडाफोडी करण्याआधी पाइप कापून बघूया

बी-३०२: नमस्कार. बाथरूमच्या सिलिंगला पुन्हा ओल आली आहे, पोपडे पडताहेत. वरच्या काकूंनी वॉटरप्रूफिंग करूनही काही फरक नाही.

बी-४०२: आम्ही टाइल्स, कोबा सगळं काढून नवीन केलंय. पावती कमिटीकडे आहे. आता परत फोडायला सांगू नका.

सेक्रेटरी: काकू, तुम्हाला कोणी दोष देत नाहीये. डक्टमधल्या सोलरच्या गरम पाण्याच्या तांब्याच्या लाइनला याआधीही गळतीवर क्लॅम्प मारलेत. प्लंबर म्हणतोय, यावेळी तेवढा तुकडा जीआयचा (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) टाकू, स्वस्तात होईल.

ए-५०१: जीआय कृपया नको. तांबं आणि लोखंड थेट जोडलं की पाण्यात आधी जस्त आणि मग लोखंड झिजतं. शिवाय तांब्यातून आलेल्या पाण्यात थोडं तांबं विरघळलेलं असतं, ते पुढे जीआयच्या जस्तावर बसतं आणि तिथे भोकं पडतात. म्हणजे आज वाचवलेले पैसे पुन्हा खर्च करायचे.
३०२ ताई, ओल हाताला कशी लागते? अंघोळीच्या वेळी वाढते का?

बी-३०२: नाही काका, दिवसभर सारखीच. डक्टच्या बाजूची भिंत कोमट लागते. काकू गावाला गेल्या होत्या, घर बंद होतं, तेव्हाही थांबली नव्हती.

ए-५०१: मग बाथरूमच्या फरशीचा यात संबंध दिसत नाही. फरशीतून झिरपणारं पाणी वापराबरोबर कमीजास्त होतं. प्रेशरची लाइन मात्र चोवीस तास गळते, आणि भिंत कोमट म्हणजे गरम पाण्याचीच. खात्रीसाठी आज रात्री गच्चीवरचे बी विंगचे सप्लाय आणि रिटर्न (न वापरलेलं गरम पाणी परत टाकीकडे नेणारी लाइन) दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. एकच केला तर दुसऱ्या बाजूने पाणी येत राहील.

सेक्रेटरी: केलं. तासाभरात डक्टमधलं ठिबकणं थांबलं. सकाळी व्हॉल्व्ह उघडल्यावर पुन्हा सुरू.

बी-४०२: म्हणजे आमचा खर्च उगाच झाला?

ए-५०१: काकू, हे आधी तपासायला हवं होतं, आणि ते काम कमिटीचं होतं. हा विषय मी एजीएममध्ये मांडणार आहे.
आता महत्त्वाचं. गळका तुकडा भंगारात देऊ नका. दोन्ही बाजूंना वीतभर जास्त कापा आणि हॅकसॉने उभा चिरा. बाहेरून खाल्लेला आणि आतून साफ असेल तर दोष बाहेरच्या ओलीचा, विशेषतः संडासाच्या लाइनमधून पाझर असेल तर. आत हिरव्या गाठी आणि त्यांच्याखाली खड्डे असतील तर पाण्याचे गुण किंवा जोड देताना आत राहिलेला फ्लक्स (डाख देताना लावायची पेस्ट). आतून चकचकीत असेल तर गोष्ट वेगळी. कारण कळल्याशिवाय मारलेला क्लॅम्प म्हणजे पुढच्या गळतीची वाट बघणं.

सेक्रेटरी: (फोटो) हे बघा. हिरवं काहीच नाही, एल्बोच्या (वळणावरच्या जोडाच्या) लगेच पुढे तांबं लालभडक, घासल्यासारखं. घोड्याच्या नालासारखे खड्डे आहेत. पाइप कापताना राहिलेली धारही कडेला तशीच आहे.

ए-५०१: उत्तर याच फोटोत आहे. प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने घोडा चालत गेल्यासारखे हे नाल उमटतात. पाणी अति वेगाने धावलं की तांब्यावरचा संरक्षक थर टिकत नाही, आणि एल्बोला किंवा अशा धारेला भोवरे उठून तिथेच भोक पडतं. ६० अंशांच्या वरच्या पाण्याला तांब्याच्या नळीत वेग सेकंदाला ०.६ ते ०.९ मीटरच्या आत ठेवावा असं सांगतात. आपल्या गळत्या कुठे कुठे झाल्या?

सेक्रेटरी: सगळ्या रिटर्न लाइनवर. फ्लॅटमधल्या एकाही फाट्याला नाही. आणि खरं सांगायचं तर लाइनमध्ये गरम पाणी फिरवत ठेवणारा सर्क्युलेशन पंप मोठा बसवल्यानंतरच सुरू झाल्या. वरच्या मजल्यांना गरम पाणी उशिरा येतं अशी तक्रार होती म्हणून बदलला होता.

ए-५०१: आणि तो रात्रंदिवस चालू असतो?

सेक्रेटरी: हो, टायमर नाही. म्हणजे मोठ्या पंपामुळेच रिटर्नमधलं पाणी सतत अति वेगाने फिरतंय.

बी-२०१: आमच्या पांढऱ्या बादलीला निळसर डाग पडतात. पाणी पिण्यासारखं आहे ना?

ए-५०१: तो डाग तांब्याचाच. गरम नळाचं पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला अजिबात घेऊ नका, लहान मुलांच्या दुधाला तर नाहीच. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. सकाळी नळ सोडताच येणारं पहिलं पाणी लॅबला देऊ, थंड आणि गरम वेगवेगळं. सोबत पीएचही बघू. उन्हाळ्यात आपण टँकरचं पाणी टाकीत मिसळतो, तेव्हाचा नमुना वेगळा घ्यावा लागेल.

खजिनदार: कॉमन लाइन आहे, त्यामुळे खर्च सोसायटीचा. ४०२ कडून काही घ्यायचं नाही.

सेक्रेटरी: मग ठरवतो. पंप योग्य क्षमतेचा आणि टायमरसह. रिटर्न लाइनचे झिजलेले एल्बो तांब्याचेच, आतली धार घासून. जोडल्यावर प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय डक्ट बंद करायचा नाही. शनिवारी सकाळी १० पासून बी विंगचं गरम पाणी बंद राहील.

बी-३०२: सिलिंग वाळल्यावरच रंग लावून घेते. शनिवारी मी घरीच आहे, डक्टची जाळी आमच्या बाजूने उघडा.