अनुभव धागा: एकाहत्तरचं युद्ध आणि आपलं कोकण

सुरंगी
७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं. यादीत रत्नागिरीचंही नाव होतं. टीव्हीवर भोंगा वाजला आणि मी आंब्याची कोय हातात धरून तशीच बसून राहिले. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं, आज मुहूर्त लागला.

डिसेंबर १९७१ ला मी प्राथमिक शाळेत होते. आमच्या आळीत वीज होती, त्यामुळे ब्लॅकआउटचा मान आम्हाला मिळाला. आईने मैद्याची खळ शिजवली, बाबांनी खिडक्यांच्या काचांना ब्राउन पेपर चिकटवला, बल्बला पुठ्ठ्याचं नळकांडं. दोन दिवसांत झुरळांना त्या खळीचा पत्ता लागला. रात्री काळोखात सगळे चिडीचूप, आणि खिडकीवर कागद कुरतडल्याचा कुर्रकुर्र आवाज. विमानांची भीती मोठ्यांना, मला त्या आवाजाची. बाहेर होमगार्ड शिट्टी मारत फिरायचे, "दिवा घालवा हो कोपऱ्यातला!" कोपऱ्यातलं घर आमचंच. आजीला देवापुढची समई मालवायला सांगायची कुणाची छाती नव्हती. शेवटी समईसकट देव फडताळात गेले.

३ डिसेंबरला मध्यरात्र उलटल्यावर इंदिराबाई रेडिओवर बोलल्या. शेजारच्या काकांकडे अख्खी आळी जमली होती. मी बाबांच्या खांद्यावर झोपलेली, त्यामुळे भाषणाचं विचारू नका.

तुम्ही लिहा. तुमचं, घरच्यांचं, काहीही. आणि नात विचारतेय की मुळात युद्ध झालं कशामुळे? कुणी सोपं करून सांगेल का, माझी गाडी दोन वाक्यांत अडकली.

मालवणी_मेवा
ब्लॅकआउट? आमच्या गावात तेव्हा लाइट खंय होती! ब्लॅकआउट आमचो रोजचोच 😄
सरपंच दवंडी पिटून गेलो, रातीचे दिवे मालवा. आजो म्हणालो, घासलेट मिळता खंय मालवूक?

पाखाडी
हाहाहा मेवा! आणि त्यात पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, २ डिसेंबरला. आमचे मामा अजून सांगतात, पहिल्या दोन-तीन रात्री सगळा किनारा दुधासारखा लख्ख, आणि घरात कंदिलाला फडकं बांधून बसलेत. चांदणं कोण मालवणार.

तात्या_मास्तर
सुरंगीताई, नातीला असं सांगा. डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानात निवडणूक झाली. पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या, १६२ पैकी १६० जागा मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला. देशभरच्या सर्वसाधारण जागा ३००, म्हणजे सरळ बहुमत. सरकार ढाक्याच्या माणसाचं व्हायला हवं होतं. लष्करशहा याह्याखानांना आणि पश्चिमेकडचे पुढारी भुट्टो यांना ते पचेना. असेंब्लीची बैठक पुढे ढकलली, आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर सोडलं. माणसं जीव घेऊन आपल्याकडे पळाली, वर्षअखेरपर्यंत सुमारे एक कोटी. इतक्यांना खायला घालायचं कुणी आणि किती दिवस? ३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर बॉम्ब टाकले आणि उघड युद्ध सुरू झालं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती, सुमारे ९३ हजार युद्धकैदी.
खरडून लिहिलंय, दूध उतू जातंय.

आगोट
मास्तर, मूळ मागे न्यायला हवं. पाकिस्तानचे राज्यकर्ते उर्दूच चालेल म्हणून अडून बसले, २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या घातल्या, तिथून सगळं नासत गेलं. ताग पिकवणार पूर्वेने, पैसा जाणार पश्चिमेला. वर नोव्हेंबर १९७० चं ते भयानक चक्रीवादळ. लाखो माणसं गेली, मदत धड पोचली नाही, आणि महिन्याभरात मतदान! निवडणूक हे निमित्त म्हणा हवं तर.

सुपारीवाली
चक्रीवादळाचं नाव काढू नका हो. ३ जून २०२० च्या निसर्गमध्ये आमच्या दिवेआगरच्या वाडीत सुपारीची झाडं काडीसारखी मोडली. नंतर किती दिवस वीज नाही, फोन नाही. सासूबाई म्हणाल्या, युद्धातला काळोख बरा, तेव्हा निदान पंखा लावायची सवय नव्हती.
विषयाला धरून नाही माहीत आहे 🙏

पाखाडी
सुपारीवाली, आता बाग कशी आहे? नवीन लावलीत?

सुपारीवाली
लावली. धरायला वर्षं जातात. बघू.

टपालपेटी
आमच्या ओटीवरच गावचं पोस्ट होतं, वडील बघायचे. मास्तरांनी लिहिलेले ते एक कोटी लोक आमच्या गावात तिकिटावर बसून आले. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट लावायचं, निर्वासितांच्या मदतीसाठी. सुरुवातीला नवीन छापून यायच्या आधी कुटुंब नियोजनाचं जुनंच तिकीट, त्यावर काळ्या शाईत शिक्का मारलेलं. आमच्या वाडीतल्या एका काकूंचा मुलगा परळला, नुकतं लग्न झालेलं. काकू हटून बसल्या, "माज्या झिलाक ह्या तिकीट लावचंय नाय, सून काय म्हणात!" वडिलांनी बंगालची सगळी कथा सांगितली. ऐकून घेतली, डोळ्यांना पदर लावला, पाच पैसे मोजून दिले. आणि म्हणाल्या, पैशे घे, तिकीट तुज्याकडेच ठेव.
पुढे चित्राचं नवीन तिकीट आलं तेव्हा कुठे पाकिटं रीतसर जायला लागली. हे जादा तिकीट १९७३ पर्यंत चाललं.

मालवणी_मेवा
टपालपेटी 😂😂 काकू माझी आजी तर नव्हे?

चिरेखाण
शाळेत खंदक खणायचा आदेश आला होता, आठवतंय का कुणाला? आमची शाळा सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर. कुदळ मारली की ठिणगी. जांभा दगड तो! गुरुजींनी पहिल्या दिवशी पाचवी-सहावीची मुलं लावली, दोन तासांत वीतभर. मग माझ्या आजोबांना बोलावलं, ते चिरे काढायचे. त्यांनी आधी चिऱ्याच्या मापाच्या रेघा मारून घेतल्या, मग पहार. गुरुजी म्हणाले, "अहो विमान आल्यावर लपायचं आहे, घर नाही बांधायचं." आजोबा म्हणाले दगड फुकट कशाला घालवू. युद्ध संपलं तेव्हा खंदक गुडघ्याएवढा होता आणि शाळेच्या नवीन संडासापुरते चिरे निघाले होते.
पावसाळ्यात तिथे बेडूक.

आगोट
सरकारी खंदकाचा याहून बरा उपयोग ऐकला नाही.

तांडेलांची_सून
भाकऱ्या करता करता लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

माझे चुलत सासरे तेव्हा नेव्हीत. वाडीतले अजून दोघे. कोकणातल्या पोरांना समुद्र पाठ, भरतीला जायचे. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ आपली युद्धनौका आयएनएस खुकरी पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. रेडिओवर कळलं तेव्हा घरात एकच प्रश्न, आपला कुठल्या बोटीवर? कुणालाच ठाऊक नाही. पत्रात तो "मी खुशाल आहे, गाय व्याली का" एवढंच लिहायचा. आजेसासूबाईंना आठवलं, त्याला पत्र पाठवायचा पत्ता त्याने इंग्रजीत लिहून दिलेला, फ्लीट मेल ऑफिस मुंबईचा, त्यात बोटीचं नाव असतं. तो कागद तांदळाच्या पिंपात, पुरचुंडीत. वाचणारं घरात कोणी नाही. रात्रीच्याच निघाल्या शाळेच्या मास्तरांकडे, खाडी ओलांडून, तरीवाल्याला उठवून. दिवा लावायची बंदी. मास्तरांनी गोधडीच्या आत टॉर्च लावून वाचलं. दुसरी बोट होती. आजेसासूबाई तिथेच ओसरीवर बसल्या, रडल्या नाहीत, म्हणाल्या पाणी द्या.

खुकरीवर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान मुल्ला बोटीबरोबरच गेले, वाचायची संधी असून. चुलत सासरे नंतर परत आले, पुष्कळ वर्षं जगले. आजेसासूबाईंनी मात्र त्या दिवशी गोडधोड करू दिलं नाही, पुढेही कधी नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी तो कागद बरोबर निघाला असेल ना, म्हणायच्या.

सुरंगी
ताई 🙏 काय लिहू.

पाखाडी
दोनदा वाचलं.

तात्या_मास्तर
४ डिसेंबरच्या रात्री कराची बंदरावरच्या हल्ल्याबद्दल सगळे सांगतात, नौदल दिनही त्याचाच. खुकरीचं घराघरांतलं असं ऐकायला मिळत नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

नाचणीची_आंबील
दशावताराचं कुणी लिहिलं नाही? ऐन जत्रांचे दिवस. आमच्या देवळात पेट्रोमॅक्सशिवाय नाटक कसं होणार! मानकऱ्यांनी तोडगा काढला, सभामंडपाला चहूबाजूंनी ताडपत्र्या आणि शिडाची कापडं. आत बत्ती, माणसं, घाम आणि सुक्या माशांचा वास (कापडं होडीवरची). संकासुराने एंट्रीला बाहेर आरडाओरड केली, तर गस्तीच्या पोलिसाने त्यालाच धरलं. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, लांब लाल जीभ. पोलीस घाटावरचा, त्याने जन्मात संकासुर बघितला नव्हता! सोडवायला गणपती मुकुट सांभाळत धावला.

मालवणी_मेवा
आता मात्र हसान हसान पोटात दुखाक लागला.

माणगावकर
दुसरं महायुद्ध चालेल का इथे? माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले. एकट्याने मशिनगनचं ठाणं घेतलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, वय अवघं बावीस. माणगावात पुतळा आहे, गोव्याला जाताना जरा थांबत जा.
ते युद्ध आपलं होतं का, हा वाद आमच्या घरी जेवताना व्हायचा. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने कुणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. पणजोबा काँग्रेसवाले, त्यांचा सख्खा भाऊ पलटणीत. पणजी म्हणायची, दोघांच्या वादात माझा तांदूळ गेला. ब्रह्मदेश १९४२ ला जपानने घेतला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला ना. मग नाचणी आणि वरी.

नाचणीची_आंबील
नाचणीला नावं ठेवायची नाहीत, माझा आयडी बघा 😌

सुरंगी
माणगावकर, चालेल काय, धावेल. १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाचंही घरच्यांकडून कुणी ऐकलं असेल तर लिहा, आपली अर्धी माणसं तिथेच कामाला.

चिरेखाण
आमच्या शाळेचा तो खंदक अजून आहे, गवत वाढलंय. फोटो काढलाय. इथे टाकायचा कसा?

पाखाडी
खाली चौकोनी चिन्ह दिसतं त्यावर दाबा. साइज कमी करून घ्या आधी, नाहीतर चढत नाही.

चिरेखाण
चौकोन तीन दिसतायत. नातू शाळेतून आला की बघतो.