जुन्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमसाठी स्वतः गेम बनवतोय, पात्र गायब होतंय

तापीकाठ: राम राम मंडळी, मी यावलचा. माळ्यावरचा फॅमिकॉमची (निन्टेन्डोचं जुनं गेमयंत्र) नक्कल असलेला डबा सापडला, त्याच्यासाठी सीसी६५ वर (सी भाषेतला कोड अशा जुन्या यंत्रांसाठी बदलून देणारं साधन) गेम लिहितोय, वरून केळीचे घड पडतात आणि गडी ते झेलतो. एमुलेटरवर (डब्याची नक्कल करणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम) मस्त चालतं, पण खऱ्या डब्यावर सुरू करताच स्कोअर भलताच दिसतो. आणि घड एका रांगेत चार आले की गडी अर्धा नाहीसा होतो, हे मात्र एमुलेटर आणि डबा दोन्हीकडे होतं. आठ दिवस झाले याच्यातच आहे भो

धुळेकर_भाऊ: स्कोअरचं कारण रॅम. २ केबीच रॅम आहे, चालू करताना त्यात काहीही कचरा असतो, बरेच एमुलेटर ती शून्य करून देतात म्हणून तिथे चूक दिसत नाही. सुरुवातीलाच सगळी स्वतः शून्य कर.

आणि एका आडव्या ओळीत ८ च स्प्राइट (हलणारी छोटी चित्रं, प्रत्येकी ८ पिक्सेल रुंद) दिसतात, तुझा घड १६ पिक्सेल रुंद म्हणजे दोन स्प्राइट, चार घडात कोटा संपला, मग गड्याला जागा कुठून राहील! गड्याचे स्प्राइट यादीत सगळ्यात आधी ठेव, घडांचा क्रम दर फ्रेमला फिरव, थोडे लुकलुकतील पण दिसतील.

खान्देशी_पिक्सेल: जमिनीवर पडलेले घड बॅकग्राउंडच्या टाइलमध्ये (मागचं स्थिर चित्र ज्या चौकोनी तुकड्यांचं बनतं ते) काढ ना, स्प्राइट वाचतात. फक्त ते व्हीब्लँकमध्येच (एक फ्रेम काढून झाल्यावर पुढची सुरू होण्याआधीचा छोटा वेळ) लिहायचं, नाहीतर चित्र फाटतं. आणि कॅसेट घेताना ६० पिनचीच बघ, ७२ वाली या डब्यात बसत नाही.

तापीकाठ: रॅम शून्य केली, स्कोअर बरोबर आला!! गडीपण अख्खा दिसतोय. आता आवाजाला लागतो