वीस वर्षांपूर्वी वाचलेली कादंबरी आज कुणाला सुचवू नका

नायगावची वाचक
शनिवारी लायब्ररीत पुस्तक बदलायला गेले होते. कॉलेजातली एक मुलगी नव्याने सभासद झाली. अनामत भरली आणि काउंटरपाशीच विचारू लागली, "एखादी चांगली मराठी कादंबरी सांगाल?" आम्ही पाच-सहा जण होतो. सगळ्यांच्या तोंडून तीच नावं निघाली: 'ययाति', 'मृत्युंजय', 'कोसला'. ती म्हणाली, "ही तिन्ही आजोबांच्या कपाटात आहेत."

ती गेल्यावर मी एकेकाला विचारलं, शेवटची कधी वाचलीत? कुणी दहावीच्या सुट्टीत वाचलेली, कुणी लग्नाआधी. माझंही तेच. 'कोसला' मी नोकरी लागली त्या वर्षी वाचली. नायक पांडुरंग सांगवीकर आठवतो, त्याच्या बहिणीचं, मनीचं जाणं आठवतं, बाकी बरंचसं पुसलं गेलंय. तरी नाव मीही घेतलंच. १९५९, १९६७, १९६३ या सालांतल्या या कादंबऱ्या. त्यांचं मोठेपण मला मान्य आहे, पण आम्ही त्या मुलीला पुस्तक सुचवलं नाही, आमची जुनी आठवण सुचवली.

म्हणून माझं म्हणणं: गेल्या वर्षा-दोन वर्षांत वाचलेलंच सांगा. माझ्याकडून कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. गाव धरणात गेलंय, माणसं दुसरीकडे वसवलीत, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला एक माणूस परत जातो. ती म्हैस आता गोठ्यातली राहिलेली नाही, रानाची झालीय. या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण मी ती त्यासाठी सांगत नाही. मुंबईला सात तलावांतून पाणी येतं. विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे पाचही शहराबाहेरचे. ही कादंबरी वाचल्यापासून सकाळी नळ सोडताना मला पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण येते.

लालबागचा जुना
ताई, मला हे पटत नाही. भाऊ पाध्यांची 'वासूनाका' मी तरुणपणी वाचली आणि आजही ती कुणालाही छातीठोकपणे देईन. १९६५ची कादंबरी. नाक्यावरची पोरं नाक्यावरच्याच भाषेत बोलतात, हे मराठीत तोवर कुणी असं लिहिलं नव्हतं. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर सडकून टीका केली होती. आम्ही चाळीतली पोरं मात्र ती हातोहात फिरवत होतो, कारण पुस्तकात पहिल्यांदाच आमचा आवाज ऐकू येत होता. असं पुस्तक परत वाचावं लागत नाही.

दुसरं, 'रिंगाण' सांगताय तर आधी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' सांगा. १९९१ची. धरणग्रस्तांचं काय होतं हे ज्याला ठाऊक नाही त्याला एकटी म्हैस काय कळणार?

नायगावची वाचक
काका, 'झाडाझडती'त सरकारी कचेऱ्या आहेत, मोबदल्याचे कागद आहेत, पुनर्वसनाच्या नावाखाली चाललेली परवड आहे. ती मोठी कादंबरी आहेच. पण 'रिंगाण' वेगळ्या जागी उभी आहे. तिला माणसाचं आणि जनावराचं नातं बघायचंय, गाव सुटल्यावर दोघांच्या आत काय बदलतं ते बघायचंय. त्यासाठी आधी दुसरं पुस्तक वाचून यायची अट नको. अशाच अटींमुळे नवा वाचक दारातून परत फिरतो.

आणि एक मनापासून विनंती. 'वासूनाका' या आठवड्यात परत वाचा. मग सांगा.

बदलापूर फास्ट
माझा मुद्दा दोघांहून वेगळा आहे. कादंबरी केव्हाची किंवा तुम्ही कधी वाचलीत, यापेक्षा विचारणारा कुठे वाचणार हे महत्त्वाचं. मी रोज सकाळी लोकलने सव्वा तास उभ्याने जाते. तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली तर तो दिवस चांगला. एका हातात कडी, दुसऱ्या हातात पुस्तक. रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' कितीही थोर असली तरी त्या जाडीचं पुस्तक मी गाडीत उघडूच शकत नाही. 'तुंबाडचे खोत'चे दोन खंड मी बाळंतपणात माहेरी वाचले. तेवढा निवांतपणा परत मिळालेला नाही.

त्या मुलीला मी अनंत सामंतांची 'एम. टी. आयवा मारू' दिली असती. जहाजावरची कादंबरी. समुद्र, इंजिन, माणसांची एकमेकांवरची भूक आणि भीती. एकदा माझं स्टेशन मागे गेलं तिच्यापायी, कल्याणला उतरून उलटी गाडी पकडली. पुरस्कारांची यादी बघून पुस्तक देणं मला आवडत नाही. आधी वाचायची चटक लागू दे.

पान चाळीस
चटक लागण्याच्या मुद्द्याला माझा विरोध आहे. वाचकाला इतकं नाजूक का समजायचं? मी एकविसाव्या वर्षी किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' उचलली आणि चाळिसाव्या पानावर सोडली. काळ मागेपुढे होतो, कोण कुठे आहे कळत नाही. यंदा परत हातात घेतली आणि दोन रात्रींत संपवली. पहिल्यांदा कुणी सोपं पुस्तक देऊन माझी समजूत काढली असती तर मी तिच्याकडे वळलोच नसतो.

नायगावच्या ताईंचं बरोबर आहे, पण त्यात भर घालतो. सोडलेली पुस्तकंही सांगा, कुठल्या पानावर सोडली आणि का, तेही. नुसतं 'अप्रतिम, नक्की वाचा' याने मला काहीच कळत नाही. नंदा खरे यांची 'उद्या' मला एका मित्राने अशी सांगितली: "गोष्ट शोधू नकोस, राग येऊ दे." माणसांवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा तीत आहे. पुस्तक २०१४चं, पण गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या गेटवर चेहरा दाखवून आत जायची पद्धत आली तेव्हा मी ते परत उघडलं.

लालबागचा जुना
ताई, 'वासूनाका' परत वाचली. रविवारी दुपारी बसलो, रात्री जेवणानंतर संपवली.

भाषा तशीच जिवंत आहे. गोष्ट सांगणारा पोक्या बोलायला लागला की आमचा जिना, सार्वजनिक नळ, संध्याकाळचा कट्टा, सगळं समोर येतं. पण काही पानांवर मी थांबलो. ती पोरं मुलींकडे कशी बघतात, काय बोलतात, ते तेव्हा मला खटकलं नव्हतं. आम्ही हसलो होतो. या वेळी माझी नात आतल्या खोलीत अभ्यास करत होती आणि मला पान उलटायला वेळ लागला. लेखकाने ते झाकलं नाही, गोडही केलं नाही, हे आता जास्त कळलं. तेव्हा आम्ही त्यात स्वतःला बघून खूश झालो. त्यातलं दुखणं बघितलंच नव्हतं.

तरी माझं मत तेच. 'वासूनाका' त्या मुलीला द्यायला हवी. फक्त आता हे सगळं सांगून देईन. आणि 'झाडाझडती' आधी वाचावी, हेही मी सोडलेलं नाही.

बदलापूर फास्ट
काका, हे तुम्ही पहिल्याच वेळी लिहिलं असतं तर मी त्याच संध्याकाळी दादरला उतरून पुस्तक घेतलं असतं. किती पानांची आहे? पर्समध्ये मावेल?

लालबागचा जुना
मावेल. जाड नाही. ताई, 'रिंगाण' माझ्या नावावर राखून ठेवा. पण मी आधी 'झाडाझडती' परत वाचणार, मग ती.

नायगावची वाचक
ठेवते. लायब्ररीतल्या 'झाडाझडती'चा पुठ्ठा सुटलाय आणि शेवटची काही पानं निसटायला लागलीत, जपून हाताळा. त्या मुलीचा पुस्तक बदलायचा दिवस शनिवारचाच आहे. साडेपाचच्या सुमारास या, तिला तुम्हीच सांगा.