तमिळनाडूला हिंदीतून सूट आहे म्हणतात, ती नेमकी कुठं लिहून आहे?

हिंगणघाटचा_पोट्टा
तालुक्यात वादविवाद स्पर्धा होऊन राहिली, विषय हिंदीसक्ती. व्हॉट्सॲपवर येते ते सारं 1965 च्या दंगलीचंच. दंगल झाली अन् हिंदी थांबली, एवढंच का? मग आपल्या इकडं बँकेची स्लिप हिंदी-इंग्रजीतच काहून भेटते?

वऱ्हाडी_वाचक
1965 पासून सुरुवात करू नको भाऊ, परीक्षक तिथंच धरतील. 1938 मध्ये मद्रास प्रांतात (आजचं तमिळनाडू त्यातच होतं) राजाजींच्या, म्हणजे सी. राजगोपालाचारींच्या, काँग्रेस सरकारनं शाळांत हिंदी सक्तीची केली. द्रविड चळवळीचे नेते पेरियार अन् काँग्रेसविरोधी जस्टिस पार्टी विरोधात उतरली. नटराजन अन् तालमुत्तू हे आंदोलक कैदेत असताना वारले. फेब्रुवारी 1940 मध्ये गव्हर्नरनं सक्ती काढली. साठच्या दशकात हेच राजाजी हिंदीविरोधात उभे राहिले, हा मुद्दा टाळ्या घेते.

26 जानेवारी 1965 ही तारीख घटनेतूनच आली. कलम 343 नं केंद्राच्या कारभारात इंग्रजीला 15 वर्षं दिली होती. 1963 च्या राजभाषा कायद्यानं ती पुढं चालू ठेवायची मुभा दिली, हमी नाही. म्हणून मदुराईपासून विद्यार्थी पेटले. सी. सुब्रमण्यम अन् अळगेशन या केंद्रीय मंत्र्यांनी राजीनामे दिले, शास्त्रीजींनी रेडिओवरून आश्वासन दिलं. पण आश्वासनावर कोर्टात काही मागता येत नाही. खरी कमाई त्याच कायद्यातली 1967 ची दुरुस्ती, कलम 3(5): हिंदी न स्वीकारलेल्या साऱ्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्याशिवाय, अन् मग संसदेच्या दोन्ही सभागृहांनी केल्याशिवाय, इंग्रजी हटत नाही. एक राज्य अडलं तरी गाडी अडते.

सेलूकर
सूट लिहून आहे ती राजभाषा नियम 1976 मध्ये (केंद्राच्या कार्यालयांत हिंदी कशी वापरायची त्याचे नियम), अगदी पहिल्याच नियमात: तमिळनाडू सोडून साऱ्या भारताला लागू. बाकी देशाचे क, ख, ग असे तीन भाग. महाराष्ट्र 'ख' मध्ये, म्हणून केंद्राची राज्य सरकारला जाणारी पत्रं साधारणतः हिंदीत येतात.

'तिथं हिंदीवर बंदी आहे' असं मात्र बोलू नको. दक्षिण भारत हिंदी प्रचार सभा चेन्नईतच आहे, केंद्रीय विद्यालयंही चालतात. त्यांच्या विधानसभेच्या 1968 च्या ठरावानं सरकारी शाळांतून तिसरी भाषा गेली, एवढंच. त्याची किंमतही आहे: नवोदय विद्यालय (केंद्राची निवासी शाळा, तिथं हिंदी येते) त्यांनी घेतलं नाही, अन् आपल्याकडं पाचवीतली पोरं त्याच्या परीक्षेसाठी जिवाचं रान करतात. हे विरोधी बाजूनं काढलं तर उत्तर तयार ठेव.

कारंजा_घाडगे
स्लिपचं वेगळं आहे, तिथं 1976 चे नियम काढून उपयोग नाही. पासबुक, स्लिप, खात्याचा फॉर्म हे इंग्रजी, हिंदी अन् स्थानिक भाषा अशा तिन्हींत ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनंच बँकांना सांगितलं आहे. तोंडी भांडू नका. मॅनेजरच्या नावानं मराठीत अर्ज, दुसऱ्या प्रतीवर तारीख-शिक्क्याची पोच. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार. ती फुकट आहे. म्हणून पोच जपून ठेवा. माहिती अधिकाराचा अर्जही मराठीत चालते, कलम 6(1), फी 10 रुपये.