पॅक्स ००८ (ग्राहकाच्या पेमेंटचा बँक-ते-बँक संदेश) मधला पत्ता: 'मु. पो., ता., जि.' कुठल्या टॅगमध्ये बसवायचं?

नोस्ट्रो_डेस्क
परदेशी रेमिटन्समध्ये एमटी (जुना संदेशनमुना) आणि एमएक्स (नवा, एक्सएमएलमधला आयएसओ २००२२ नमुना) दोन्ही चालण्याची मुदत २२ नोव्हेंबर २०२५ ला संपली. आता नोव्हेंबर २०२६ डोक्यावर आहे. त्यानंतर नुसत्या ओळींत लिहिलेला पत्ता स्विफ्टवर (बँकांच्या संदेशजाळ्यावर) चालणार नाही. टाउन नेम आणि कंट्री वेगळे भरावेच लागतील. आमच्या कोअर बँकिंगमध्ये मात्र पत्ता अजून ३५ अक्षरांच्या तीन ओळींत आहे:

गट नं. २१४, एमआयडीसी रोड
मु. पो. शिरोली, ता. हातकणंगले
जि. कोल्हापूर ४१६१२२

यात टाउन कोणतं धरायचं, शिरोली की कोल्हापूर? आणि परदेशी लाभार्थ्यांचे जुने साठवलेले पत्ते स्क्रिप्ट लावून तोडले तर चालेल का?

पॅक्सवाला
टाउन शिरोली. केवायसीच्या कागदावर जे गाव आहे तेच ठेवा. बाकीची मांडणी अशी:

पोस्ट कोड: ४१६१२२
टाउन नेम: शिरोली
डिस्ट्रिक्ट नेम: कोल्हापूर
कंट्री सबडिव्हिजन: महाराष्ट्र
कंट्री: आयएन
ॲड्रेस लाइन: गट नं. २१४, एमआयडीसी रोड, ता. हातकणंगले

(संदेशात हे सगळं रोमन लिपीत जाईल.) याला हायब्रिड पत्ता म्हणतात. ॲड्रेस लाइन जास्तीत जास्त दोन, प्रत्येकी ७० अक्षरांपर्यंत. आपल्याकडच्या गट नंबर, वाडी, 'मारुती मंदिरामागे' अशा पत्त्यांना स्ट्रीट नेम आणि बिल्डिंग नंबरच्या साच्यात कोंबण्यापेक्षा हायब्रिडच बरा.

दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे टाउन नेममध्ये घातलेलं गाव ॲड्रेस लाइनमध्ये पुन्हा येतं, ते काढा. दुसरी टॅगच्या क्रमाची. एक्सएमएल स्कीमात (संदेशाच्या साच्यात) क्रम ठरलेला आहे, ॲड्रेस लाइन कंट्रीच्या नंतर, सगळ्यात शेवटी येते. आधी टाकलीत तर मजकूर अचूक असूनही संदेश स्कीमा तपासणीतच अडकेल. कंट्रीमध्ये दोनच अक्षरं, आणि ब्रिटनसाठी 'जीबी', 'यूके' नाही.

कव्हर_पेमेंट
स्क्रिप्टबद्दल स्पष्ट सांगतो: सुचवणी करण्यापुरती वापरा, थेट मास्टरमध्ये (मूळ नोंदींत) लिहू देऊ नका. शेवटची दोन अक्षरं देश म्हणून उचलणारी स्क्रिप्ट अमेरिकन पत्त्यांवर आपटते. 'फोर्ट वेन, आयएन' म्हणजे इंडियाना, पण स्क्रिप्ट त्याला भारत करते. 'सीए' कॅलिफोर्नियाचा कॅनडा होतो, डेलावेअरचा 'डीई' जर्मनी होतो. सगळे कोड वैध, त्यामुळे स्कीमा तपासणीत यातलं काहीच पकडलं जात नाही. चुकीच्या देशाचा संदेश बिनबोभाट पुढे जातो आणि पलीकडच्या बँकेच्या छाननीत अडतो.

पिनवरून गाव शोधणंही तसंच. एका पिनखाली अनेक गावं येतात, त्यामुळे पिन ताडून पाहायला वापरा, गाव ठरवायला नको.

आजपासून नवा लाभार्थी टाउन आणि देश भरल्याशिवाय सेव्हच होऊ देऊ नका. जुन्यांपैकी ज्यांना गेल्या १२ महिन्यांत पैसे गेले तेवढेच आधी काढा आणि स्क्रिप्टची सुचवणी छापून ग्राहकाकडून पक्की करून घ्या. बाकीचे गोठवा, पुढचं पेमेंट येईल तेव्हा दुरुस्त होतील. स्थायी सूचना (ठरलेल्या तारखांना आपोआप जाणारी पेमेंट) मात्र विसरू नका, त्यांना कोणी हात लावत नाही.

हा खटाटोप का करायचा, तर इराणी वाडीचं उदाहरण घ्या. कांदिवलीतल्या ग्राहकाचा पत्ता मोकळ्या ओळीत गेला की निर्बंध-छाननीत 'इराण' हा शब्द लागतो आणि पेमेंट माणसाच्या तपासणीसाठी थांबतं. तेच नाव स्ट्रीट नेममध्ये आणि कंट्रीमध्ये 'आयएन' असेल, तर यंत्रणेला ते रस्त्याचं नाव म्हणून बाजूला काढता येतं.

नोस्ट्रो_डेस्क
मांडणी कळली, आभार. दोन शंका उरल्या. मधल्या बँकांचे पत्तेही असेच तोडायचे का? आणि आपलं आरटीजीएस २०१३ पासूनच आयएसओ २००२२ वर आहे, मग तिथला मॅपिंग तक्ता (कोणती माहिती कोणत्या टॅगमध्ये) इथे वापरता येईल?

पॅक्सवाला
बँकेचा बीआयसी (ओळख-कोड) दिला असेल तर नाव-पत्ता देऊच नका. बीआयसी नसेल तेव्हाच पत्ता, आणि तोही याच नियमाने. अल्टिमेट डेटर (ज्याच्या वतीने पैसे जातात) आणि अल्टिमेट क्रेडिटर (ज्याला शेवटी मिळतात) यांचे पत्ते राहून जातात, तेही यादीत घ्या.

तक्ता जसाच्या तसा उचलू नका. मानक एकच, पण प्रत्येक यंत्रणेची नियमावली आणि आवृत्ती आपापली. युरोपची पेमेंट यंत्रणा टी२ या मानकावर २० मार्च २०२३ ला आली, अमेरिकेची फेडवायर १४ जुलै २०२५ ला. परदेशी पेमेंटच्या संदेशांसाठी सीबीपीआर प्लसची (स्विफ्टवरच्या परदेशी पेमेंटची) नियमावलीच समोर ठेवा.

कव्हर_पेमेंट
एक भर. काही शाखांची यंत्रणा अजून एमटी १०३ (पॅक्स ००८ चा जुना अवतार) काढत असेल आणि स्विफ्टच्या एमटीचं एमएक्स करणाऱ्या आपत्कालीन रूपांतरावर भिस्त असेल, तर पैसे पाठवणाऱ्याचं फील्ड ५०के बघा. त्यात नाव-पत्ता मोकळ्या ओळींत असतो, त्यातून टाउन वेगळं निघत नाही. त्याच्याच दुसऱ्या प्रकारात, ५०एफ मध्ये, '३/' ने सुरू होणाऱ्या ओळीत आधी देशाचा कोड आणि मग गाव असतं, म्हणून ते रूपांतरात टिकतं. लाभार्थ्यासाठी तसंच ५९एफ.

आणि कव्हर पाठवत असाल (म्हणजे माहिती पॅक्स ००८ ने थेट आणि पैसे मधल्या बँकांमार्फत वेगळे) तर पैशांच्या संदेशावर, पॅक्स ००९ कव्हवर, पॅक्स ००८ चाच यूईटीआर (पेमेंटचा एकमेव क्रमांक) गेला पाहिजे, ३६ च्या ३६ अक्षरं तीच. दोन मॉड्यूल आपापला यूईटीआर तयार करत असतील तर वेगळ्या वाटांनी पोचलेल्या पैशांची आणि माहितीची जोडी लाभार्थ्याची बँक जुळवत बसते. चाचणीत सर्वांत आधी हेच तपासा.