मदत हवी आहे: कॅलिफोर्निया सोडलं तरी टॅक्स कापतात

सान्वीचे_बाबा:
आम्ही ऑस्टिनला शिफ्ट झालोय, इथे स्टेट इन्कम टॅक्सच नाही, तरी डिसेंबरच्या पे स्लिपवर 'सीए स्टेट' म्हणून भली मोठी रक्कम कापलीय. त्यात ऑफिसमधला एक जण म्हणतो सोडून गेलेल्यांच्या संपत्तीवर कॅलिफोर्निया दहा वर्षं टॅक्स लावते. खरंय का?? उद्या सीपीएला (टॅक्स सल्लागाराला) भेटायचंय, लवकर सांगा.

कोथरूड_ते_फ्रीमॉन्ट:
शिफ्ट कधी झालात? पगारातून कापलं की आरएसयूतून (कंपनीने दिलेल्या शेअर्समधून)? तिकडचं घर विकलं का?

रेवाकाठ:
ग्रीन कार्ड सोडताना फेडरल एक्झिट टॅक्सचं आधी बघा. १५ पैकी ८ वर्षं कार्ड होतं आणि नेटवर्थ २० लाख डॉलर्सच्या वर असेल तर लागतो.

सान्वीचे_बाबा:
अहो ताई, आम्ही भारतात नाही चाललो! जूनमध्ये टेक्सासला आलो. आरएसयूच आहेत, २०२२ ची ग्रँट (तेव्हा देऊ केलेले). घर भाड्याने दिलंय.

कोथरूड_ते_फ्रीमॉन्ट:
मग थोडं कापणारच. ग्रँटपासून व्हेस्ट होईपर्यंत, म्हणजे शेअर्स खरंच तुमचे होईपर्यंत, जेवढे कामाचे दिवस कॅलिफोर्नियात भरले तेवढा हिस्सा त्यांचा, घरभाड्यावरही त्यांचाच टॅक्स, ५४०एनआर (राज्याबाहेर गेलेल्यांसाठीचा कॅलिफोर्नियाचा रिटर्न फॉर्म) भरावा लागेल. पण व्हेस्ट झाल्यावर शेअर वाढला आणि तुम्ही टेक्सासचे रहिवासी म्हणून विकलात तर त्या नफ्यावर त्यांचा हक्क नाही. दहा वर्षांचं म्हणाल तर ते २०२० चं एबी २०८८ विधेयक, ३ कोटी डॉलर्सच्या वरच्या संपत्तीवर ०.४ टक्के. पासच झालं नाही.

शेंगदाणा_चटणी:
पास झालं असतं तरी कोर्टात टिकलं नसतं. २०१९ ला केस्नर ट्रस्टच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, लाभार्थी नॉर्थ कॅरोलिनात राहते एवढ्यावरून ट्रस्टच्या उत्पन्नावर टॅक्स लावता येत नाही. मग जो माणूस राज्यात राहतच नाही त्याच्या संपत्तीवर कुठून लावणार?

कोथरूड_ते_फ्रीमॉन्ट:
त्या लाभार्थीला तेव्हा पैसे मिळाले नव्हते आणि मिळतीलच याची खात्री नव्हती, म्हणून तसा निकाल. तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. आणि आता अब्जाधीशांवर एकरकमी ५ टक्क्यांचा जो प्रस्ताव आलाय त्यात १ जानेवारी २०२६ ला जो रहिवासी तो धरलाय, नंतर पळाला तरी. मला तर हे योग्यच वाटतं, इथल्या रस्त्यांवर, इथल्या विद्यापीठांवर कंपन्या मोठ्या झाल्या.

शेंगदाणा_चटणी:
मागची तारीख धरून टॅक्स लावणं योग्य? जायचा हक्क आहे की नाही माणसाला? ४०१के (नोकरीतल्या निवृत्ती खात्या) बाबत हेच चाललं होतं, शेवटी १९९६ ला काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) कायदा करावा लागला की दुसऱ्या राज्यात गेलेल्यांच्या पेन्शनला जुन्या राज्याने हात लावायचा नाही.

हिल_कंट्री:
ऑस्टिनला घर घेणार असाल तर प्रॉपर्टी टॅक्सचा हिशोब आधी करा आणि होमस्टेड एक्झेम्पशनचा (राहत्या घरावरच्या सवलतीचा) फॉर्म विसरू नका.

सान्वीचे_बाबा:
घर घ्यायचं नाहीये हो सध्या! स्लिप परत पाहिली, आरएसयूच्या पूर्ण रकमेवर कापलंय. ते परत मिळेल का?

कोथरूड_ते_फ्रीमॉन्ट:
जास्तीचं ५४०एनआर भरून रिफंडमध्ये येईल. उद्या ग्रँट लेटर आणि जूनपर्यंतच्या कामाच्या दिवसांचा हिशोब घेऊन जा, सीपीए आधी तेच मागेल.